सुमीच्या पिपातलं पाणी

मंगळवार, ३ जानेवारी ५६

पाण्याला आज परत वास. सुमी पिपात उतरायलाच तयार नाही. "आजये, पाणी बुळबुळीत लागता." हात घालून बघितला. खरंच, गोगलगाय धरल्यासारखं.

रविवारी तर भरलंय. परत रविवारपर्यंत बदलायचं कुठून? सगळ्या मजल्याला एक नळ, तो सकाळी खोकतो आणि झोपतो. आमचं अर्धं पीप भरायला लागलं की रांगेतल्या बायका माझ्याकडे अशा बघतात जसा काही मी धोबीघाट काढलाय. म्हणून रोज त्यातलंच थोडं काढायचं, बंबात तापवायचं, परत ओतायचं. पोर कमरेपर्यंत उबेत बसते, मी खालून पाय धरते, ती हलवायचा प्रयत्न करते. गणपतीत ताप आला आणि डावा पाय घेऊन गेला. सहा वर्षांची पोर. परळच्या डॉक्टरने सांगितलंय, पाय परत यायचा तर ह्या वर्षात येईल, नंतर नाही. ऊन पाणी एक दिवस चुकवायचं नाही.

आज चुकवलं नाही. रडवून बसवली.

गुरुवार, ५

मांडीवर, टाचेवर पुळ्या. इस्पितळात नेली. पाठीवर घेऊन करी रोडच्या पुलावरून, शालन मागे पिशवी घेऊन. सून माझी चालते अशी की पिशवीच तिला घेऊन चाललीय.

नर्सबाई म्हणाली, रोज नवं पाणी घ्या. मी म्हटलं, तुमच्या नळावर माझा हंडा लावून ठेवा, रोज येते. हसली. वाईट नाही ती. मग म्हणाली, पाण्यात औषध पाहिजे. पुळ्या चिघळल्या तर पाण्यात बसवणं बंद करावं लागेल.

बंद म्हणजे पाय बंद. हे तिने म्हटलं नाही. मी काय दुसरी शिकलेली, पण एवढा हिशेब येतो.

लाल दवा दिली. चिमूटभर. पाणी गुलाबी असेपर्यंत दवा जिवंत, तपकिरी झालं की मेली.

शनिवार, ७

सकाळी गुलाबी, पोर बसून उठते तोवर तपकिरी. परत टाकली. परत तपकिरी. सुमीचे पाय चिकूच्या सालीसारखे झाले. गंगूबाई, बाजूच्या खोलीतली, साताऱ्याची, आली बघायला. "पोरीला मेंदी लावली का वं मावशी?"

पीप गॅलरीत ठेवलंय ना, खोलीत जागा कुठली. जो येतो तो वाकून बघतो आणि काहीतरी टाकतो. कोण कडुलिंब टाकतं, कोण तुळशीचं पाणी. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने तुरटी फिरवली, पाणी निवळलं, संध्याकाळी परत गढूळ. गंगूबाईने हळद टाकली. मी म्हटलं, आता डाळ टाक, वरण होईल.

मंगळवार, १०

चाळीच्या टाकीत पावडर टाकायला म्युनसिपालटीचा माणूस येतो त्याला जिन्यात गाठला. ब्लिचिंग पावडर. एवढं लांब कोण लिहिणार, ब्लि. लिहीन.

तो म्हणाला, लाल दवेने असल्या पाण्याचं काही होत नाही, हत्तीला चिमटा काढल्यासारखं. आधी एक दिवस जबर मात्रा द्या. पोरीला त्या दिवशी पाण्यात बसवायचं नाही, झाकायचं नाही, वास उडू द्यायचा. मग रोज थोडी. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी ओतायची.

"डोळ्याला झोंबलं तर जास्त झाली समजा, काकू. वासच नाही आला तर कमी पडली."

म्हणजे माप कशाचं, तर माझ्या नाकाचं. तपकीर ओढून ओढून ते कधीच गेलंय.

गुरुवार, १२

काल जबर मात्रा दिली. अख्खी गॅलरी खोकली. शिव्या खाल्ल्या, परतवल्या. एक दिवस चुकला, पण आज पाणी बघावं! पिपाचा तळ दिसला. बांगडीचा तुकडा पडला होता तोसुद्धा दिसला. सुमी बसली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी.

बसवायच्या आधी पाय चांगला चोळला. आज तेल कोमट केलं होतं. हाडाला लागायला पाहिजे.

शनिवार, १४. संक्रांत

पाणी परत फिरलं. दोन दिवस नाही टिकलं. ब्लि. वाढवली. पोरीची कातडी कोरडी पडली, पांढरी, खाजवते. म्हणून तेल जास्त लावलं, आंघोळीआधी आणि मधेसुद्धा. संध्याकाळी पाणी अजून घाण. परत ब्लि. पिपाचा पत्रा आतून गंजायला लागलाय.

दत्तू गिरणीच्या पाळीवरून आला, पिपात वाकला. "आये, ह्या पाण्याक खाता काय तरी."

"खाता ना. माझा जीव खाता."

तिळगूळ दिला त्याला. गोड बोलायचं म्हणे.

मंगळवार, १७

काल रेडिओवर सांगितलं, मुंबई आपली नाही, दिल्लीच्या हातात. चाळ पेटली. द. (दत्तू) जेवण टाकून गेला. गिरणीचे भोंगे आज कोणासाठी वाजले देव जाणे. दुकानं बंद. कोळसा थोडा उरलाय. ब्लि. डब्याच्या तळाशी खरवडून निघाली तेवढी. केमिस्टची फळी लागलेली.

शालन म्हणते ह्यांना आवरा. मी म्हटलं, तुझा नवरा आहे, मला फक्त मुलगा आहे.

गुरुवार, १९



नाक्यावर गोळीबार झाला. आधी धूर सोडला डोळ्यांचा. पोरं पळत चाळीत शिरली, जिना चढून वर, डोळे घट्ट मिटलेले, नाकातून पाणी. आणि गॅलरीत पहिलं काय? आमचं पीप. तोंडं बुडवली त्यात. रुमाल, सदरे, टोप्या. मी ओरडतेय, "मेल्यांनो, ह्यां माझ्या नातीचा पाणी! औषध हा त्यात!" कोण ऐकतंय. एक पोरगा, मिसरूड फुटत होतं, तोंड पुसून म्हणाला, "आजी, थंड वाटलं हो." आणि पळाला.

औषध नव्हतंच त्यात. दोन दिवसांत मेलं होतं. म्हणून डोळे वाचले बिचाऱ्यांचे.

पीप कलंडलं. पाणी जिन्यावरून खाली गेलं. द. अजून आलेला नाही.

शुक्रवार, २०

द. आला. पायात चपला नाहीत, सदरा दुसऱ्याचाच.   शालनने भाकरी वाढली आणि आत जाऊन रडली, आवाज न करता. तेवढं येतं तिला.

संचारबंदी. नळाला पाणी आहे पण कोळसा नाही. सुमी दिवसभर खाटेवर. पाय ताठला.

शनिवार, २१

रिकामं बसवेना. पीप घासायला घेतलं. आतल्या कडेला पट्टा जमलेला, जाड, पिवळा. बोटाने ओरबाडला. बोट नाकाला लावलं. हे मात्र माझ्या नाकालासुद्धा कळलं.

खोबरेल.

कालवण गार झाल्यावर कडेला चढतं तसं. रोज पोरीला मी चोपडत होते, रोज ते पाण्यात उतरत होतं, आणि टाकलेली सगळी दवा ते गिळत होतं. मग दवा जास्त. मग कातडी कोरडी. मग तेल जास्त.

शालनला दाखवलं. ती म्हणाली, "पण आत्याबाई, तेल न लावता न्हायला कोण घालतं?"

तेच तर. बाळंतिणीच्या खोलीपासून मसणापर्यंत आधी तेल, मग पाणी. आम्हा कोकणातल्यांना हे सांगावं लागत नाही. म्हणून कोणी विचारलंही नाही.

गुरुवार, २६

रस्ते उघडले. इस्पितळात गेलो. पुळ्यांच्या जखमा झाल्यात, टाचेवरची ओली. नर्सबाईला तेलाचं सांगितलं.

"तेल लावून पाण्यात बसवत होता? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी सांगायला लागतं का बाई?"

तिने टाच उलटी करून बघितली. मग म्हणाली, तेल नंतर लावा, पाण्यातून काढल्यावर. डॉक्टरने पोटरीला फीत लावली. पोटरी मागच्या वेळेपेक्षा बारीक भरली. जखमा सुकेपर्यंत पाणी बंद. मी विचारलं, तोवर पायाचं काय? तो म्हणाला, खाटेवर हलवत राहा. पाण्याइतका फायदा नाही.

सुमीने परत येताना पाठीवरून विचारलं, "माझा पाय रुसलो काय, आजये?" मी म्हटलं, रुसला असेल तर तुझ्या बापावर गेलाय.

बुधवार, १ फेब्रुवारी

पीप राखेने, सोड्याने घासून काढलं. द.ने आतून रंग दिला, दोन दिवस उन्हात ठेवलं. ब्लि. मिळाली. नवं पाणी भरलं, बायका पुटपुटल्या, पण कोणी हंडा मधे घातला नाही. निवळी टाकली. तेलाचा थेंब नाही. तीन दिवस झाकून-उघडून बघतेय, ऊन लागू देत नाही. पाणी काचेसारखं.

आणि आत कोणी नाही.

खाटेवर पाय हलवते. जड लागतो, ओल्या गोणीसारखा. पाण्यात कसा हलका व्हायचा.

मंगळवार, ७

जखमा भरल्या. एक सोडून. टाचेवरची, शेंगदाण्याएवढी, अजून ओलसर. इस्पितळाची तारीख पुढच्या आठवड्यात.

सकाळी मी कोणाला न सांगता बंब पेटवला. पाणी ऊन करून ओतलं. निवळीचा वास बेताचा. सुमीला गॅलरीत आणून बसवलं, फ्रॉक वर खोचला. ती कठडा धरून थांबलीय.

द. म्हणतो, "आये, सोड तिका पाण्यात. दिवस जातंत."

शालन म्हणते, चिघळलं तर पाय कापतील.

दोघं भांडले, थकले, आणि आता दोघं माझ्याकडे बघतायत. गंगूबाईसुद्धा दारात. आयुष्यभर ह्या घरात माझंच चाललं पाहिजे म्हणून मी भांडले, तर आज चालतंय.

पोटरी धरून बघितली. माझ्या मुठीत सगळी मावते. टाच बघितली. परत पोटरी.

मला काय कळतं.

पाणी निवत चाललंय.