कडी

९ जून, तुमसर
आले एकदाची. वासुदेवरावांनी त्यांच्या बंद राईस मिलचा हॉल माझ्या बॅलेच्या शाळेला भाड्याशिवाय दिला. अट एकच, त्यांची नात हर्षा पहिल्या रांगेत हवी. अटीची गरजच नव्हती. नऊ वर्षांची ही पोर चवड्यांवर उभी राहते तेव्हा मी श्वास घ्यायला विसरते. बाकी दहा मुली हमालांच्या, मजुरांच्या. बॅले ही कुणा धनवंतांची मिरास नाही, हे मी इथेच दाखवून देणार. झाडू मारायला येणाऱ्या रंभाबाई पूर्वी याच मिलमध्ये कामाला होत्या. हसून म्हणाल्या, "टाचा उचलाले शाळा लागते का बाई? आमी त जिंदगीभर पाय घासले."

१८ जून
मी उडी शिकवते, मुली पाय घासत सरळ रांगेत चालतात. टाच जमिनीला, बोटं नांगरासारखी. तीन दिवस रागावले. आज रंभाबाईंनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. उकडलेलं धान वाळवताना बाया असंच पायांनी उलटायच्या, म्हणाल्या. कोणी शिकवलं, मी मुलींना विचारलं. हर्षानं भिंतीवरच्या मोठ्या आरशाकडे बोट केलं. समोरच्या बायांनी, म्हणाली.

२७ जून
आज रंभाबाई बोलल्या. बाया काम सोडून सावलीला बसू नयेत म्हणून वासुदेवराव त्यांना आत ठेवून बॉयलरच्या खोलीला बाहेरून कडी घालत. सात वर्षांपूर्वी वाफेचा नळ फुटला. आत चार बाया, आणि त्यांतल्या शकुनबाईची आठ वर्षांची राखी. पाचही जणी गेल्या. कागदावर लिहिलं गेलं, विनापरवानगी आत शिरल्या. आणि मी, अन्यायावर सभा गाजवणारी, त्या माणसाच्या मेहेरबानीवर शाळा चालवतेय.
भर दुपारी आरशापुढे उभी राहिले. म्हटलं, त्यानं केलं तेच त्याला भोगायला लावीन. शब्द देते.
आरशावर आतल्या बाजूनं वाफ धरली.

४ जुलै
वासुदेवराव आले. त्यांच्या मागे आरशात त्या चौघी. भिजलेल्या, अंगाची साल सुटलेली. मी म्हटलं, बॉयलरच्या खोलीचं छत गळतंय, बघून घ्या. "तिथं कायले नेऊन राहिल्या मॅडम, काही नाही तिथं," म्हणाले. पण गेले. मी कडी घातली.

साडेतीन
बॉयलर सात वर्षं थंड आहे. भिंत तापतेय. तो आत ओरडतोय. मुली मोजल्या — दहा.

पावणेचार
हर्षा आजोबांच्या मागोमाग आत — मी पाहिलंच नाही — आतून लहान मुठींचा आवाज. कडीनं तळवे भाजले. रंभाबाई माणसं आणायला धावल्या. माझ्या हातांवर ओले हात, कडी धरून. मी म्हणतेय, लेकरू आहे, तिचा काय गुन्हा. शकुनबाई म्हणते, माझ्या राखीचा कोनता होता मंग —

शब्द मीच दिला —

चौघी म्हणतात, पोरीले सोडतो, पन तिच्या जागी कोनी तरी पायजे —

मी जाते म्हटलं. कडी सरकतेय. रंभाबाई, परत आलात की हर्षाला घेऊन आधी बाहेर —