तुळसाचे आठमाशी बाळ

ठाणे, मार्गशीर्ष, शके १८१०

चिरंजीव हिरूस दादाचे अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी विठ्ठलाचे नाव घेऊन इस्पितळात गेलो. डॉक्टर म्हणाले, "न्या आता घरी. ऊब ठेवा, कापसाच्या बोळ्याने दूध पाजा." महिनाभराने माझा जीव भांड्यात पडला.

छकडा करून तुळसाला नि बाळाला सासरी, कोपरीला नेले, तर विहीणबाई उंबऱ्यातच आडव्या आल्या. "पाचवी पुजली नाही. सटवाई इस्पितळात जाते का कुठं? कोऱ्या कपाळाचं पोर घरात नको."

मी म्हटले, "कोरे असेल तर बरेच. वाईट तरी लिहिलेले नाही."

जावई मान खाली घालून गोठ्याकडे निघून गेले. रानात बाळंत झालेलीला जी देवी शोधून काढते, तिला इस्पितळ सापडणार नाही काय? परत इस्पितळात गेलो, तोवर खाट दुसरीला मिळालेली.

बाळाला अजून चोखता येत नाही, कधी निळे पडते. एवढे तुझ्या वहिनीला वाचून दाखवू नकोस. तिचा गुडघा कसा आहे? भात झोडून झाले का?

विहीणबाईंचे मन वळेल म्हणून तीन दिवस आम्ही धर्मशाळेत काढले. आज तळ्याकाठी खोली घेतली, शेगडी पेटवली आणि दोघांना तेथे आणले. बाळ अंग धरेपर्यंत मी गावी येणार नाही, हे विहीणबाईंच्या दारात जाऊन सांगून आलो.

तुझा दादा,
जोमा