आमच्या गॅरेजमध्ये ऐंशी नको

रविवार, २ ऑक्टोबर २००५, नॉटिंगहॅम. सकाळी १०.

यतीनचा फोन. स्वरयंत्रावर गाठ आहे. ऑपरेशन २५ नोव्हेंबरला. गाठ निघेल, पण आवाज आहे तसा राहील याची खात्री सर्जन देत नाही. मी तीस वर्षं लोकांना भूल देतोय, त्यामुळे सर्जन खात्री देत नाही म्हणजे काय, ते मला कळतं.

त्याने एकच मागितलं. पुण्याला मेडिकल कॉलेजात आमचा रॉक बँड होता; आता आम्ही दोघंही इथेच. गाणी सगळी यतीनची, मराठी, बहुतेक आसावरीसाठी लिहिलेली. तिने पुढे त्याच्याशी लग्न केलं, म्हणजे गाण्यांत दम होता. त्यातली सहा ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून दे, म्हणाला. आसावरीपाशी राहतील. फक्त गिटार आणि मी, बाकी काही नको रे.

योग्य माणसाला विचारलंस, असं मी सांगितलं.

दुपारी ३.

संकल्प. डेस्मंड हॅरोचं जे झालं ते यतीनचं होऊ देणार नाही.

हॅरो म्हणजे आमचा कॉलेजातला देव. खरखरीत आवाज, एक गिटार, मागे मुकाट्याने काम करणारा ड्रमर. १९८५ साली मी या देशात नवीन. त्याचा नवा अल्बम आला म्हणून रजा टाकून दुकानात गेलो. घरी येऊन सुई टेकवली आणि घात झाला. कुणा पोरसवदा प्रोड्यूसरने चाळिशी उलटलेल्या त्या माणसाला सिंथेसायझरच्या पाकात घोळवून काढलं होतं. ड्रमचा प्रत्येक ठोका रिकाम्या कॉरिडॉरमध्ये दार आपटल्यासारखा. हॅरो मागे कुठेतरी, विहिरीत पडलेला. तेव्हा बऱ्याच जुन्या रॉकवाल्यांचं असंच झालं. पण माझा हॅरो! त्या प्रोड्यूसरला मी वीस वर्षांत माफ केलेलं नाही.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावलं: सिंथ नाही. ड्रम मशीन नाही. एको नाही. खाली सही केली.

शनिवार, ८ ऑक्टोबर.

गॅरेजचा स्टुडिओ केला. लॉनमोअर बाहेर, जुन्या रजया भिंतींवर. फ्रीझर हलत नाही. नीना म्हणते, त्यात तिच्या पुरणपोळ्या आहेत, तो बंद होणार नाही. माझ्या बायकोला आवाजातलं काही कळत नाही.

यतीन अकराला आला. गिटार जुळवून बसला. रेकॉर्डिंगमागचं तत्त्वज्ञान त्याला समजलं पाहिजे म्हणून मी हॅरोचा अल्बम संपूर्ण ऐकवला, मध्ये थांबवून थांबवून. दीड वाजला. यतीनचा घसा दुखायला लागला. न गाता.

रेकॉर्डिंग झालं नाही. पण पाया पक्का झाला.

शनिवार, १५ ऑक्टोबर.

आज झालं! सहाच्या सहा गाणी, एका बैठकीत. चौथ्या गाण्यात तो जरा थांबला, पाणी प्यायला, पुन्हा सुरू झाला. माझे डोळे भरून आले. हेडफोन सारखे करण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

यतीन म्हणाला, झालं की मग, दे सीडी करून. मी हसलो. सामान्य माणसाला वाटतं, गायलं की झालं. हा कच्चा माल आहे, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, तुला जे करायचं ते कर बाबा, पण लवकर कर.

मंगळवार, १८ ऑक्टोबर.

तिसरं गाणं किंचित धावतं. फक्त मलाच कळेल, पण कळतं ना. खरा ड्रमर हवा. श्रीकांतला फोन केला. आमच्या बँडचा ड्रमर, आता इथे ऑर्थोपेडिक सर्जन. जगाचे खांदे दुरुस्त करतो आणि याचाच खांदा सहा महिने आखडलाय. चमचा उचलताना ओरडतो, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

रविवार, २३ ऑक्टोबर.

ड्रम मशीन आणलं. फक्त लय मोजायला. ऐकू येणार नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर.

थोडं ऐकू येतं. पण मोजकं, संयमित. हॅरोच्या अल्बमवर हा संयम कुठे होता?

मशीनबरोबर यतीनची लय जुळेना, म्हणून त्याला पुन्हा बोलावून सगळी गाणी परत गायला लावली. त्याला मध्ये मध्ये खोकला येत होता. पहिलं बरं झालं होतं का रे, असं विचारत होता. गायक लोक नेहमी असंच म्हणतात.

मंगळवार, १ नोव्हेंबर.

दिवाळी. यतीनकडे फराळ. आसावरीची शेव उत्तम. तिने बाजूला घेऊन विचारलं, कसं झालंय? रात्री उठून बसतो, म्हणाली. बोलत नाही, नुसता घशाला हात लावून बसतो. मी तिला शब्द दिला की ऐकशील तेव्हा तोच समोर बसून गातोय असं वाटेल. ती माझा हात धरून थँक यू म्हणाली. मला फार बरं वाटलं.

शनिवार, ५ नोव्हेंबर.

हा देश! पाचव्या गाण्याची एक ओळ राहिली होती म्हणून यतीनला बोलावलं आणि शेजाऱ्यांनी भर दुपारी फटाके सुरू केले. आमची दिवाळी संपली, यांची पाच नोव्हेंबरची फटाक्यांची रात्र सुरू, तीही दुपारपासून. ओळीच्या मागे सुरसुर, धडाम. शिवाय फ्रीझरची घरघर, ती सगळ्याच गाण्यांत आहे.

उपाय सापडला. नॉइज गेट. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की दार बंद, म्हणजे फ्रीझर गप्प. ऐंशीच्या दशकात हेच ड्रम्सवर लावून वाटोळं केलं होतं. मी ते गळ्यावर लावतोय. पूर्ण वेगळी गोष्ट.

रविवार, ६ नोव्हेंबर.

गेटने फ्रीझर गेला. यतीनच्या ओळींची शेपटंही गेली. त्याची सगळी गंमत शेवटी आवाज हळू सोडण्यात आहे, आणि तिथेच दार आपटतं. म्हणून किंचित एको दिला. औषधापुरता.

बुधवार, ९ नोव्हेंबर.

औषधाचा डोस वाढवला.

शनिवार, १२ नोव्हेंबर.

एकोमुळे मधल्या जागा मोकळ्या वाटायला लागल्या. त्या भरायला कीबोर्डवर एक धरलेला सूर. सिंथ म्हणता येणार नाही, बटणावर स्ट्रिंग्ज लिहिलंय. नीना चहा घेऊन आली. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, हे त्या तुझ्या हॅरोसारखं वाटतंय. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. तिला फरक चाळीस मिनिटं समजावला. ती म्हणाली, बरं. चहा गार झाला होता.

कागद तिथून काढला. दमट हवेने खराब होत होता.

सोमवार, १४ नोव्हेंबर.

कंप्युटर म्हणतो, डिस्क भरली. साफसफाई केली. १५ ऑक्टोबरची कच्ची गाणी, त्यानंतरचे तुकडे, सगळं काढून टाकलं. नवीन फाइल्समध्ये गेट, एको सगळं आत मुरवलेलं आहे, जुनं ठेवून करायचं काय? पेशंट घरी गेल्यावर आपण ट्यूब जपून ठेवतो का? मशीन आता छान पळतंय.

रविवार, २० नोव्हेंबर.

यतीन न सांगता आला, गिटार घेऊन. ऑपरेशनला पाच दिवस आहेत, एकदा सगळं सलग गातो, तू नुसतं बटण दाब, असं म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. घशाला ताण नको. डॉक्टर म्हणून माझं कर्तव्य आहे. तो दारात जरा घुटमळला. मग गिटार गाडीत ठेवून गेला.

वाईट वाटलं. पण मला मिक्सिंग करायचं होतं.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. एका बाजूचा स्वरतंतू बराचसा काढावा लागला. जिवाला धोका नाही. देवा. कॉरिडॉरमध्ये आसावरीशेजारी दोन तास बसलो, आणि तेवढ्यात एकदाही अल्बमचा विचार आला नाही.

दोन आठवडे पूर्ण मौन. काही हवं असेल तर पॅडवर लिहायचं.

रविवार, ४ डिसेंबर.

सीडी घेऊन यतीनकडे गेलो. नीना बरोबर. प्रस्तावना म्हणून हॅरोबद्दल दोन शब्द बोललो. मग लावली.

पहिल्या ठोक्याला आसावरी दचकली. दुसऱ्या गाण्यापर्यंत ती स्पीकरच्या जवळ जाऊन बसली होती, मान वाकडी करून, बहिऱ्या माणसासारखी. यतीन स्वस्थ होता. तिसऱ्या गाण्यानंतर त्याने पॅड घेतलं, लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

ड्रम्स छान. मी कुठाय?

मी हसलो. नीना हसली नाही. आसावरीने अगदी हळू विचारलं की ते पहिलं, साधं, तू ठेवलं असशील ना? मी हो म्हणालो. असं का म्हणालो, माहीत नाही.

सोमवार, ५ डिसेंबर.

रजा टाकली. डिस्कवरून काढलेलं परत मिळवणारे प्रोग्राम असतात. दोन चालवले. नीनाचे गेल्या वर्षीचे ख्रिसमसचे फोटो मिळाले.

गेट उलटा फिरवता येत नाही. एको उपसून काढता येत नाही. हे मला १९८५ पासून माहीत आहे. हॅरोच्या बाबतीत मी हे लोकांना पार्ट्यांमध्ये ऐकवत आलोय.

रविवार, ११ डिसेंबर.

फोन. पलीकडे घोगरी हवा. मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय? मग नाव ऐकू आलं.

मौन संपलं. आवाज यापुढे एवढाच राहणार, असं सर्जनने सांगितलंय. यतीनने ते सहज सांगितलं, आणि मग, साधी सीडी घ्यायला कधी येऊ? म्हटलं, मीच येतो, गुरुवारी.

गॅरेजमध्ये गेलो आणि दार लावून रडलो. छप्पन वर्षांचा माणूस, फ्रीझरला टेकून.

गुरुवार, १५ डिसेंबर.

गेलो. सांगितलं. डिस्क भरली होती, फटाके, फ्रीझर, श्रीकांतचा खांदा, सगळं सांगायला लागलो, आणि मध्येच मलाच ऐकवेना. म्हटलं, मी पुसलं रे. माझ्या हाताने पुसलं.

आसावरी उठून आत गेली.

यतीनला आता बोलायची परवानगी आहे. तो काही बोलला नाही.