डोळे वर म्हणजे हो

मानेवाडा, नागपूर
फेब्रुवारी

प्रिय जितू,

फोनवर तुला हे सांगायला गेलो की मी मधेच अडखळतो आणि तू म्हणतोस, बाबा, तुम्ही आधी जेवून घ्या, मग बोलू. म्हणून लिहायला बसलो. बुटीबोरीच्या मिलमधून रिटायर झाल्यापासून सहीपुरतंच पेन धरलं आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. एवढं लिहितानाही मी दोनदा उठून आतल्या खोलीत डोकावून आलो. तुझी आई जागी आहे. खिडकीतलं ऊन तिच्या पायांवर आलं आहे आणि तिला सांभाळायला ठेवलेली माया तिच्या केसांचा गुंता सोडवते आहे. 'जागी आहे' हे किती सहज लिहून गेलो बघ. डिसेंबरमध्ये मला हे लिहिताच आलं नसतं.

तेव्हा आपण सगळे काय धरून चाललो होतो, ते तुला माहीत आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती दरवर्षीसारखी चौकातल्या मंडपात उभी राहून बाहेरगावच्या लोकांना पुरीभाजी वाढत होती, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच न्हाणीत कोसळली. मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ. हात गेले, पाय गेले, बोलणं गेलं, गिळणं गेलं. गळ्याला भोक पाडून श्वास आणि नाकातल्या नळीतून पेज. डोळे उघडे होते, पण डॉक्टर म्हणाले, त्या उघड्या डोळ्यांवर जाऊ नका. मी नाही गेलो. घरी आणल्यावर तिची सेवा केली, कुशीवर वळवलं, अंग पुसलं, पण बोलायचो ते तिच्याविषयी, तिच्याशी नाही. शेजारचे कोणी भेटायला आले की तिच्या उशाशी बसून सांगायचो, 'इंदूला भरल्या वांग्यांची भारी आवड होती.' होती म्हणायचो, जितू. तिच्यासमोर.

जानेवारीत नंदिनी आली. मालिश करायला येतो त्या फिजिओवाल्यानेच तिला पाठवलं. महाल भागातली मुलगी, तिशीही नसेल, लकव्याच्या पेशंटना बोलायला शिकवते. मी दारातच म्हणालो, 'बाई, हिच्या तोंडातून आवाजच निघत नाही, तू शिकवशील काय?' ती म्हणाली, 'काका, एकदा पाहू तर द्या.' खुर्ची ओढून ती आईच्या अगदी तोंडासमोर बसली. बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डोळे हलले नाहीत. मग बोट हळूहळू वर नेलं, तर डोळे त्याच्या मागे वर गेले. नंदिनी म्हणाली, 'मावशी, मी तुम्हाला काही विचारते. हो असेल तर वर पाहा. नाही असेल तर डोळे घट्ट मिटा. तुमचं नाव सुमन आहे?' डोळे मिटले. माया म्हणाली, 'डोळे त आपोआपच मिटते न मॅडम.' नंदिनीने विचारलं, 'तुमचं नाव इंदू आहे?' डोळे वर. मुलं दोन? मिटले. एक? वर. मुलगी? मिटले. मुलगा? वर. मी खाटेचा दांडा धरून उभा होतो. नंदिनीने माझ्याकडे एक नजर टाकली आणि विचारलं, 'काका रागीट आहेत?' तुझ्या आईचे डोळे वर गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. माया फिसकन हसली. नंदिनीही हसली. मग तिने आईचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, 'काका, मावशी पूर्ण शुद्धीत आहेत. पहिल्या दिवसापासून आहेत.'

आमच्या शेडमध्ये वीज गेली की शेकडो माग एकदम बंद पडायचे. त्या शांततेत आपल्याच अंगातलं रक्त ऐकू यायचं. तसं झालं मला. मी खोलीबाहेर गेलो, अंगणात नळाखाली डोकं धरलं आणि परत आलो. ओल्या डोक्यानेच तिच्यासमोर उभा राहिलो. शेवटी म्हणालो, 'इंदू, मी देवराव.' केवढा मूर्खपणा! एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी तिला माझं नाव सांगत होतो. तिने वर पाहिलं.

मग नंदिनीने आम्हाला अक्षरं शिकवली. शाळेतल्यासारखी ओळीने. मी म्हणतो, अ ची ओळ, क ची ओळ, च ची ओळ, ट ची, त ची, प ची, य ची. जिथे तिचे डोळे वर जातील ती ओळ. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर, मग काना-मात्रा. एका शब्दाला चहा होऊन थंड होतो. नंदिनीने पहिल्याच आठवड्यात मला दम दिला. मी आपला विचारत होतो, आज वार कोणता, आपला घर नंबर काय, तुझ्या भावाचं नाव काय. ती म्हणाली, 'काका, मावशी परीक्षेला बसल्या नाहीत. जे तुम्हाला खरंच माहीत नाही, ते विचारा.' ती गेल्यावर मी खाटेशी बसलो आणि विचार करू लागलो की इंदूविषयी मला काय माहीत नाही. काही सुचलं नाही. इतक्या खात्रीने मी बसलो होतो.

म्हणून सोपंच धरलं. सकाळी बुद्धवंदना लावतो ती आवडते? वर. संध्याकाळी जुनी गाणी लावतो ती? मिटले. मला थोडं लागलं. मग काय लावू? म आलं. मग च आलं. मी म्हणालो मच्छर? मच्छरदाणी लावू? तिने डोळे इतके घट्ट मिटले की मला तिचा जुना आवाज ऐकू आला. माया म्हणाली, काका, पुरं तर होऊ द्या. पुन्हा केलं. मॅच. क्रिकेटची मॅच, जितू! तू आणि मी सोफ्यावर बसून ओरडायचो तेव्हा ती दर थोड्या वेळाने पापड घेऊन यायची, मग चहा, मग उगाच टीपॉय पुसायला. मला वाटायचं, काय आपली सेवा करते बाई! ती स्कोअर पाहायला यायची. मी म्हणालो, 'काहून नाही सांगितलं वं एवढी वर्षं?' तिने एकेक अक्षर दिलं: कोनं इचारलं. मग डोळ्यांच्या कडा किंचित बारीक झाल्या. नंदिनी म्हणते ते तिचं हसू आहे. आता आमच्याकडे मॅच लागते. मधे मी विचारतो, आऊट होता का गं? ती पंचाच्या आधी निकाल देते, आणि बहुतेक वेळा बरोबर असते.

एक दिवस नंदिनीने विचारलं, 'मावशी, तुम्हाला भीती कशाची वाटते?' मी तिला खुणेने थांबवू पाहिलं. हा काय प्रश्न झाला या अवस्थेत? आता ही म्हणेल मरणाची, किंवा म्हणेल जगण्याची, आणि मी त्यावर काय उत्तर देऊ? पहिलं अक्षर प. त्याला काना. नंदिनी हळूच म्हणाली, पाणी? नाही. पाय? नाही. ल आला. पाल. आम्ही तिघांनी एकदम वर पाहिलं. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, बरोबर तिच्या चेहऱ्याच्या वर, हाताच्या बोटाएवढी लठ्ठ पाल बसली होती. किती दिवसांपासून ती तिथे राहते कोण जाणे. आणि तुझी आई खाली उताणी. तिला मान वळवता येत नव्हती, ओरडता येत नव्हतं, अंगावर पडली तर झटकता येणार नव्हतं. मी स्टुलावर चढलो, मायाने स्टूल धरलं, आणि केरसुणीने ती पाल अशी पळवली की कपाटावरची पेटी खाली आली. मी हसत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खाट आता भिंतीपासून दूर, दुसऱ्या बाजूला घेतली आहे. रोज सकाळी तिच्यासमोर छत तपासतो आणि रिपोर्ट देतो.

पण मला खरं हलवलं ते पुढच्या उत्तराने. मी विचारलं होतं, दिवसभर तू काय करतेस गं, वेळ कसा जातो? हा प्रश्न विचारायलाच मला कितीतरी दिवस लागले होते. तिने उत्तर दिलं: गावाले जातो. मला वाटलं, तिला भिवापूरकडे, माहेरच्या गावी जायचं आहे. अँब्युलन्स करू का म्हणालो. नाही. 'रोज जातो,' असं तिने सांगितलं. मग दोन-तीन दिवस बसून, थोडं थोडं करून ती मला सांगत गेली. फाट्यावर एसटीतून उतरते. कच्च्या रस्त्याने निघते. चपला हातात घेते, कारण माती गरम असली तरी मऊ आहे. पहिल्यांदा बोरीचं झाड, मग नाला, मग तिच्या बापाचं मिरचीचं शेत. खळ्यावर मिरच्या वाळत घातल्या आहेत, सगळी जमीन लाल, आणि तिथून जाताना शिंक येते. घाई करत नाही. एका दिवसात सगळं संपवत नाही. काल कुठपर्यंत आली होती ते तिच्या लक्षात असतं, आज तिथूनच निघते. मी विचारलं, आज कुठे आहेस? म्हणाली, विहिरीवर. पाणी पिऊन राहिली.

जितू, मी तिचे पाय पाहिले. चादरीखाली काठीसारखे पडलेले. मी रोज तेल लावतो त्या पायांना, आणि मला वाटायचं की ते कुठेच जात नाहीत. माझ्या घरातली सगळ्यात लांब चालणारी बाई ही आहे आणि मी तिच्या शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचतो. मी आयुष्यात विहार पाहिले, डोंगर पाहिले, एकदा समुद्रही पाहिला. यासारखं काही पाहिलं नाही. हल्ली तिच्या खोलीत जाताना मी दारात चपला काढतो. माया हसते. हसू दे.

तुला यातलं थोडं मी फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, बाबा, तुम्हाला जे पाहायचं आहे ते तुम्ही पाहताय, असे डोळे आपोआप हलतात. व्हिडिओवर दाखवलं तर तू कॅमेरा बंद केलास. मी रागावलो नाही. आईला तसं तुला पाहवत नाही, हे मला कळतं. पण मागच्या आठवड्यात मोठे डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांनीही स्वतः तिला विचारून पाहिलं आणि जाताना तिला हात जोडले. ती सुधारेल असं ते म्हणाले नाहीत. कदाचित एखादं बोट हलेल, कदाचित नाही. पण ती आहे, हे त्यांनी मला लिहून द्यायची गरज उरली नाही.

आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो. परवा मी तिला म्हणालो, एवढे दिवस मीच विचारून राहिलो, आज तुले काही सांगायचं असन तर सांग. तिने लगेच वर पाहिलं, जणू वाटच पाहत होती. सकाळची दुपार झाली, मधे दोनदा तिला थकवा आला, मी थांबू का विचारलं तर डोळे मिटले. तिने सांगितलं: जितूले सांग. ऐकलं. मला काही कळेना. काय ऐकलं? मग आठवलं. घरी आणलं त्या आठवड्यात तू आला होतास, आणि जायच्या दिवशी दार लावून तिच्याजवळ बराच वेळ बसला होतास. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा सुजला होता आणि तू मला म्हणालास, तिला काही ऐकू येत नाही बाबा, म्हणूनच बोलून टाकलं. तू तिला काय सांगितलंस ते मला माहीत नाही. मी तिला विचारलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मी पुन्हा विचारलं नाही. तुझी गोष्ट तिने तुझ्यासाठी जपून ठेवली आहे. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. द, त्याला ओ, मग घ. दोघं. मग य, त्याला काना. दोघं या. बस, एवढंच. त्यानंतर ती झोपली, आणि इतकी शांत झोपलेली मी तिला या आजारपणात पाहिली नव्हती. तर ये गा बेटा. तिने दोघांना बोलावलं आहे, तेव्हा ज्या कोणाला आणायचं आहे, त्याला किंवा तिला, सोबत घेऊन ये. वरची खोली मी झाडून घेतली आहे. मला आता प्रश्न विचारता येतात, जितू, पण दारात मी काहीच विचारणार नाही. तुला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. तुझ्या आईने मला उत्तराची वाट पाहायला शिकवलं आहे.

तुझाच,
बाबा