सोडियमची शेवटची नवमी

सॉल्ट लेक, कोलकाता
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. शंतनु यास,
मनोहरदाचे अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी पूजा आटोपल्यावर मी देवीच्या तसबिरीमागे हात घालून एक वस्तू काढली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि ऑफिसला न जाता पायी सलीलकडे गेलो. त्या सकाळबद्दलच लिहायचं आहे. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. रजनीच्या गुडघ्यांना इथली हवा मानवत नाही, पण बंगाली माझ्यापेक्षा झकास बोलते. आम्ही मासे खात नाही, तरी मासेवाल्याशी भाव करून येते. तुझा पत्ता नूपुरने दिला. नाशिकच्या शाळेत तू कॉम्प्युटर शिकवतोस हे ऐकून बरं वाटलं. वाद्याला मात्र पुन्हा हात लावला नाहीस, असंही ती म्हणाली.

बातमी अशी, की आपल्या बँडच्या कॅसेटची आता मोठी तबकडी निघते आहे. इथल्याच एका लहान कंपनीतली मुलं काढताहेत. सोबत चार पानांची पुस्तिका, त्यात 'सोडियम'ची हकिगत. सलील म्हणाला, "मन्या, तू लिही. तू खोटं लिहीत नाहीस." आणि त्याने आपली टिपणं दिली. त्यातलं शेवटचं वाक्य होतं: 'शंतनुच्या निष्काळजीपणामुळे २००२ च्या नवमीचा कार्यक्रम कोसळला आणि बँड संपला.'

ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागेना.

बाकीचं लिहिणं सोपं होतं. मी गावच्या देवळात भजनाला पेटी वाजवणारा, नोकरीसाठी इथे आलेला. मंडळाच्या गणपतीत आरतीच्या मधल्या जागी मी जे काही भरत होतो, ते सलीलने ऐकलं. फोर्ट विल्यममधल्या लष्करी साहेबाचा मुलगा, इस्त्रीच्या शर्टातला. म्हणाला, "आरती नको, मधलं हवंय." नूपुरची बेस गिटार आणि तिच्याच घराचं गॅरेज. आणि तू, शाळेच्या गणवेशात आलेला, ज्या बँडमध्ये ड्रम नाहीत त्याचा ड्रमर! सगळे ठेके तू यंत्रात रचायचास आणि फ्लॉपीवर साठवायचास. सिंथेसायझर सुरू करण्याआधी माझा डावा हात भाता शोधायचा, तेव्हा ओरडायचास, "मनोहरदा, याला हवा लागत नाही!"

पातळ टाय लावून, सोडियमच्या पिवळ्या दिव्यांत, न हसता उभं राहायचं, ही सलीलची शिस्त. मला ती जमायची, कारण मी तसाही घाबरलेलाच असे. कॉलेजांचे कार्यक्रम झाले, कॅसेट निघाली, 'लोडशेडिंग' रेडिओवर दोन महिने वाजलं. सियालदहच्या गर्दीत एक माणूस ते गुणगुणत होता, तर तू त्याच्यामागे फलाटाच्या टोकापर्यंत गेला होतास. त्याला काही सांगितलं नाहीस. नुसता ऐकून परत आलास. हे मी पुस्तिकेत घातलं आहे.

आता नवमीचं.

आमच्या गावात खंडेनवमीला नांगर, विळा, शिंप्याचं यंत्र, मास्तरांचं डस्टरसुद्धा पुजतात. त्या सकाळी गॅरेजमध्ये मी सगळी वाद्यं पुजली. संध्याकाळी दुर्गापूजेच्या मंडपासमोर आपला सर्वांत मोठा कार्यक्रम होता आणि मुंबईहून कॅसेट कंपनीची माणसं आली होती. तू आत चहा पीत होतास. तुझ्या दोन फ्लॉप्या टेबलावर होत्या. गाणी वरच्या प्लास्टिकमध्ये नसतात, आतल्या काळ्या चकतीवर असतात, हे तूच मला समजावलं होतंस. प्लास्टिकची पूजा काय करायची? मी पत्र्याची पट्टी सरकवली आणि आतल्या चकतीला ओलं कुंकू लावलं. एकीला लावलं आणि दुसरीला नाही, हे बरं दिसेना. दोघींना लावलं.

संध्याकाळी यंत्राने एकही फ्लॉपी वाचली नाही. आपण ठेक्याविना दोन गाणी कशीबशी ओढली. मुंबईची माणसं तिसऱ्याला उठली. पडद्यामागे सलील तुझ्या अंगावर धावला, "सेव्ह तरी केलं होतंस का रे, गाढवा?"

"दोनदा केलं! मनोहरदा, तू बघितलंस ना? सांग ना याला!"

माझ्या नखात तेव्हाही लाल होतं. मला कळून चुकलं होतं. पण तुम्ही तिघं शहरातले. गावंढळ म्हणून हसाल, ही भीती मोठी वाटली. मी म्हणालो, "माझं लक्ष पूजेत होतं."

तू एकोणीस वर्षांचा होतास. माझ्याकडे बघितलंस, फ्लॉप्या जमिनीवर टाकल्यास आणि गेलास. त्या मी उचलल्या. पुजलेली वस्तू, टाकवेना. देवीमागे ठेवल्या. तेवीस वर्षं रोज तिला फूल वाहताना मला त्या दिसत होत्या.

शुक्रवारी सलीलच्या टेबलावर मी त्यातली एक ठेवली. त्याने पट्टी सरकवून उजेडात धरली.

"हे काय, कुंकू?"

मी सांगितलं. तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम थांबला.

"तेवीस वर्षं मी त्या पोराला शिव्या घालतोय, मन्या."

"हो."

"आणि तू समोर बसून ऐकलंस."

"हो."

"आणि सगळे तुला देवमाणूस म्हणतात!" त्याने टिपणातलं ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "लिही. आणि लिहून झालं की चहा कर. साखर मी सांगेन तेवढी."

मी तिथेच बसून लिहिलं: 'शंतनुने रचलेले ठेके हाच या बँडचा प्राण होता. शेवटच्या कार्यक्रमाला ते वाजले नाहीत, कारण मनोहरने भाबडेपणाने ते पुसले आणि भित्रेपणाने त्याला दोष लागू दिला.' सलीलला 'भित्रेपणा' जास्त वाटला. मी काढू दिला नाही.

तो तुला फोन करील. घ्यायचा की नाही, ते तू ठरव. मीही काही मागत नाही. दुसरी फ्लॉपी या पाकिटात आहे. ती तुझी आहे.

काल दुपारी पानं छापायला गेली. आज सकाळी तसबीर पुसली, मागची जागा मोकळी होती. खूप दिवसांनी नुसती देवी दिसली.

शंतनु, तू दोनदा सेव्ह केलं होतंस. मी बघितलं होतं.

तुझा,
मनोहरदा