होडीखालची शाळा

प्रिय बाबा,

काल आपल्या गावच्या शाळेला शंभर वर्षं झाली. मुख्याध्यापकांनी शाळेचा इतिहास वाचला. "महायुद्धात जर्मनांनी माघार घेताना सगळं गाव जाळलं, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात शाळा बंद होती."

मी ताडकन उठले. "कोण म्हणतं बंद होती? आमच्या होडीखाली भरत होती!"

मग सगळं सांगितलं. घर जळाल्यावर आपण होडी उपडी करून तिच्याखाली राहत होतो. शाळेच्या ऑस्ताबाई आल्या आणि इथंच शाळा भरवते म्हणाल्या. तुम्ही खेकसलात, "पोरांच्या पायात मोजे नाहीत, आणि बाईंना बाराखडी सुचतेय!"

बाई एवढंच म्हणाल्या, "फळा जळला, एनार. खडूही नाही."

होडीला ओरखडा पडला तर आम्हाला फोडून काढणारे तुम्ही. पण तुम्ही मासे चिरायचा सुरा काढलात आणि आमच्या डोक्यावरच्या फळ्यांत, बाई सांगतील तसं, एकेक अक्षर कोरत गेलात. तुम्हाला स्वतःला वाचता येत नव्हतं. आम्ही माना वर करून बघत राहिलो.

वसंतात तुम्ही होडी सुलटी केलीत, ती अक्षरं पायाखाली घेऊन समुद्रावर गेलात, ते परत आलाच नाहीत.

काल एका चिमुरडीनं विचारलं, "आजी, ती शाळा आता कुठंय?" मी समुद्राकडे हात केला. अख्खं सभागृह उठून खिडकीशी गेलं.

ती उपडी आहे की सुलटी, ते मात्र तुम्हालाच ठाऊक.

तुमची,
बोर्गहिल्ड