डाव्या गाठींची खुर्ची

प्रिय डावखुऱ्या,

या हाकेवर तू चिडायचास, ठाऊक आहे मला. पण आज तिला मान आलाय, तेव्हा पत्र शेवटपर्यंत वाच. फोनच करणार होते, पण तू बरं म्हणून ठेवून देतोस आणि माझं सगळं पोटातच राहतं.

तर ऐक. वाचनालयाने प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणायचं रद्द केलं. म्हातारी वाचकमंडळी हटूनच बसली, वेताची बैठक नसेल तर पेपर वाचायला येणार नाही म्हणाली. बावन्न खुर्च्या पुन्हा विणायच्यात, आणि काम आपल्या दुकानाला. तुला कळवलं नव्हतं, पण बाबांनी महिनाअखेर दुकान बंद करायचं ठरवलं होतं. वेत भिजवायचं पिंपसुद्धा शेजारच्या कुंभाराला देऊन टाकलेलं. काल मी ते अख्ख्या गल्लीतून गडगडत परत आणलं. त्याने त्यात लिंबाचं रोप लावलं होतं, ते काढून देताना त्याचं तोंड बघायला हवं होतंस.

ग्रंथपालबाईंनी आधी दोन खुर्च्या पाठवल्या. एकीची बैठक पार खोलगट झालेली. दुसरीचा नुसता पाय मोडलेला, वीण मात्र अजून ताठ. बाबांनी ती उलटी केली आणि खालच्या गाठींवरून बोट फिरवलं. सगळ्या गाठी डावीकडे वळलेल्या. अरे, तुझी खुर्ची, अकरा वर्षांपूर्वीची. डाव्या हाताची वीण वर्षभरही टिकायची नाही, असं बाबा तुला गिऱ्हाइकासमोर बोलले आणि तू पुढच्या खुर्चीचा ओला वेत तसाच टाकून निघून गेलास, ती. आणि खोलगट झालेली कुणाची असेल? खुद्द बाबांची. मी पोट धरून हसले. बाबा आधी फुरंगटले, मग तेही हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता खरं सांगते. सोमवारी वाचनालयाला होकार कळवायचाय. बाबांच्या बोटांना वेत ओढवत नाही. मी विणीन, पण बावन्न खुर्च्या एकटीच्या आवाक्यातल्या नाहीत. नाही म्हटलं तर दुकान गेलंच समज.

आज सकाळी बाबांनी तुझा पाट माळ्यावरून काढला, धुतला, आपल्या पाटाशेजारी मांडला. वेत अडकवायच्या खुंट्यांची वाटी नेहमीसारखी उजवीकडे ठेवली. जरा वेळ बघत बसले, उठले आणि ती डावीकडे सरकवली. मी बघितलं तर म्हणाले, तिकडे उजेड बरा येतो. त्या कोपऱ्यात कधी उजेड येतो का, तूच सांग. ते स्वतः तुला ये म्हणणार नाहीत, म्हणून हे पत्र. रविवारी मी वेत भिजत घालतेय, दोघांना पुरेल इतका. आणि भिजलेला वेत थांबत नाही, हे तुला मी सांगायला नको.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई